जीपमध्ये जागा नव्हती

पौष लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या दिवसांत थंडी गोड लागते, संक्रांत आठवते, उन्हाला पाठ देऊन शेंगा खाव्याशा वाटतात. मला राग येतो. भाजीबाजारात ज्वारीची कोवळी कणसं जुड्या बांधून आलेली दिसली की मी पलीकडच्या गल्लीने जाते. परवा शेजारच्या बाईंनी दारातूनच विचारलं, "रविवारी येता का आमच्याबरोबर? हुरडा पार्टी आहे. वाटेत एक फार जुनं देऊळही दाखवणार आहेत. सकाळी निघायचं, रात्री घरी." बाई स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांना काय ठाऊक. मी म्हटलं, गुडघे दुखतात. दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली.

इतकी वर्षं झाली. राग शिळा व्हायला हवा होता. होत नाही.

आमचं गाव सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. काळी जमीन, पावसाळ्यात पायातली वहाण गिळणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आमच्या शेताच्या बांधाला लागून महादेवाचं दगडी देऊळ होतं. ते 'हेमाडपंती' आहे हे आम्हाला औरंगाबादच्या लोकांनी सांगितलं. त्याआधी ते नुसतं देऊळ होतं. बाया सोमवारी तिथं पाणी घालायच्या, उन्हातान्हात निंदणाऱ्या बाया तिथं भाकरी सोडायच्या, माझी माय मला पाटीत निजवून तिथल्या खांबाच्या सावलीत ठेवायची. त्या खांबावर कोरलेली बाई आरशात पाहून कुंकू लावते आहे, हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. पुण्या-मुंबईकडचे पुष्कळ साहेब बदलून औरंगाबादेला आले होते आणि त्यांना हा मुलूख पाहायचा होता. माझ्या बाबांचे चुलतभाऊ, वसंतकाका, तिथल्या एका सरकारी कचेरीत चिकटले होते. चांगले वर चढले होते. साहेबांना रविवारी कुठं न्यायचं हा प्रश्न त्यांनी एकदाचा सोडवून टाकला. पहाटे जीप काढायची. देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन, तिथून आमच्या गावचं जुनं देऊळ, आमच्याच शेतात हुरडा, आमच्याच घरी जेवण, मग मेहकरला शारंगधर बालाजी पाहायचा आणि रात्री घरी. पौष-माघातले सगळे रविवार. असे तीन हंगाम.

जीप एकच असायची असं नाही. कधी दोन, कधी मागून एखादी मोटार. माणसं किती, हे आल्यावरच कळायचं.

माय शनिवारपासूनच रविवारची होऊन जायची. दळण जात्यावर. मी समोर बसून खुंट्याला हात लावायची, पण जोर तिचाच. जवसाची चटणी कुटायची, विरजण लावायचं, वांगी भाजायची. रविवारी उजाडायच्या आत चूल पेटलेली असायची. भाकरी थापायचा तो आवाज आजही मला कोणत्या गाण्यासारखा वगैरे वाटत नाही. मला तो मारल्यासारखा वाटतो. मग शेतात जाऊन आगटी करायची. खड्ड्यात गोवऱ्या रचून विस्तव करायचा, त्यात कणसं खुपसायची, भाजली की तशीच हातात धरून चोळायची. गरम असतानाच चोळावी लागतात, निवली की दाणे सुटत नाहीत. पाहुणे गोल बसलेले असायचे, आणि हिरवे वाफाळते दाणे त्यांच्यापुढच्या पानावर पडत राहायचे. "वा! काय गोड आहे हो!" म्हणायचे. मायच्या हातांकडे कोणी पाहत नसे. तळवे लाल व्हायचे, रात्री ती त्यांना खोबरेल लावायची आणि सोमवारी त्याच हातांनी कापूस वेचायला जायची.

बेसन-भाकर वाढली की पाहुण्या बायका म्हणायच्या, "अय्या, पिठलं!" आणि वाटीने मागायच्या. आमच्याकडे त्याला बेसन म्हणतात, हे मी एकदा सांगितलं. मी तेव्हा सातवीत होते. सगळे हसले. एका साहेबांनी मला जवळ बोलावलं. "काय गं, तुम्हाला 'का' म्हणायचं असेल तर काय म्हणता?"

"काऊन," मी म्हटलं.

पुन्हा हशा. "पुन्हा म्हण ना. अहो, ऐका ऐका, पुन्हा म्हणते आहे."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. वसंतकाका सगळ्यांत जोरात हसत होते. ते आमच्याच ओसरीत, आमच्याच 'काऊन' आणि 'कुठी'त वाढले होते. जीपमधून उतरताना ते ही भाषा कुठं ठेवून यायचे, कोण जाणे. त्या दिवसानंतर मी पाहुण्यांसमोर तोंड उघडलं नाही. आणि ज्या शुद्ध भाषेत मी हे लिहिते आहे, ती मी शिकले ती काही कोणत्या प्रेमाने नाही.

देवळात तर मला बघवायचं नाही. एक गृहस्थ हातातल्या छडीने मूर्ती दाखवायचे. आमच्या कुंकू लावणाऱ्या बाईच्या छातीला, कमरेला त्या छडीचं टोक लावून ते काय काय सांगायचे आणि पुरुष मंडळी माना डोलवायची. बूट कोणी काढायचं, कोणी नाही. कोणी खडूने, कोणी चाकूच्या टोकाने आपलं नाव दगडावर ठेवून जायचं. आणि जाताना हमखास कुणीतरी म्हणायचं, "या लोकांना काही किंमत नाही हो या वास्तूची." हे लोक म्हणजे आम्ही. दर सोमवारी त्यांच्या केळीच्या साली आणि कागद उचलून देऊळ झाडणारे.

मग माय हे सगळं का करत होती? बाबा का करू देत होते? माझ्या दादासाठी. गजानन मॅट्रिक झाला होता. शेतात त्याचं मन नव्हतं. वसंतकाका पहिल्या हंगामातच म्हणाले होते, "गजाननला मी चिकटवतो कुठंतरी. साहेबांच्या नजरेत येऊ द्या." म्हणून दादा धुतलेला पायजमा-सदरा घालून पाहुण्यांच्या मागेपुढे फिरायचा, नजरेत येत. बाबा तर त्याला घेऊन शनिवारीच देऊळगाव राजाला जाऊन मुक्काम करायचे आणि रविवारी सकाळी बालाजीच्या दारात जीपची वाट पाहायचे. तिथून गावापर्यंत ते जीपमध्ये बसून यायचे. गावात शिरताना त्यांची मान जरा बाहेर असायची. माणसं वाईट नसतात, त्यांना हौस असते. बाबांना जीपची हौस होती. ती कुणाच्या जिवावर फिटते आहे हे त्यांना दिसत नव्हतं, एवढंच. 'एवढंच' हा शब्द मी रागाने लिहिते आहे.

तिसऱ्या हंगामातली गोष्ट. पाहुणे जेवून उठले होते, मेहकरला निघायची घाई चालली होती. माय पदराला हात पुसत जीपपाशी आली. ती कधी पाहुण्यांना पोचवायला बाहेर यायची नाही, म्हणून मीही मागोमाग गेले.

"भाऊजी," ती वसंतकाकांना म्हणाली, "जीपमधी जागा असन त मले मेहकराले नेता का? परत मी येशटीनं येईन. लगन झालं तवापासून पाहाचं हाये, होऊनच नाही राह्यलं."

मला आठवतं, तिनं लुगडं बदललं होतं. म्हणजे ती विचारायला आली नव्हती, ती निघायलाच आली होती. तिला वाटलं होतं, एवढी भाकर खाल्ल्यावर कोण नाही म्हणेल.

वसंतकाका हसले. "अहो वहिनी, तुमच्या तर दारातच देऊळ आहे. लोक औरंगाबादहून बघायला येतात. तिथं आणखी वेगळं काय बघणार? आणि जागा कुठं आहे? बघताय ना."

जागा खरंच नव्हती. मागच्या बाकापाशी कणसांचं पोतं ठेवलं होतं, साहेबांच्या घरी न्यायला. शेजारी आमच्या मळ्यातले दोन कोहळे. ते पोतं दादानं उचलून ठेवलं होतं. माय त्या पोत्याकडे पाहत राहिली. बाबा म्हणाले, "जाय वो घरात, उशीर होऊन राह्यला त्याहिले." जीप निघाली. धुरळा बसेपर्यंत माय तिथंच उभी होती.

एवढ्यावर ते थांबलं असतं तर कदाचित पुढचं घडलं नसतं. पण त्याच आठवड्यात वसंतकाकांचा निरोप आला. बाबांनी जेवताना सांगितला. येत्या रविवारी सगळ्यांत मोठे साहेब सहकुटुंब येणार. गजाननचं त्याच दिवशी पक्कं करून टाकू. स्वयंपाक नेहमीसारखा, जरा जास्तच. "अन् वसंता म्हने," बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "वाढाले गजाननले उभा करा. वहिनीले म्हना आतच राहा. साहेबाच्या बाईसमोर बरं नाही दिसत."

"काऊन?" मायनं विचारलं.

त्या शब्दाला या वेळी कोणी हसलं नाही.

"आता लुगडं, हात... तुले समजत नाही का? शहरातले मानसं हायेत ते."

मायनं बाबांच्या ताटात बेसन वाढलं. मला तेव्हा तिचा राग आला होता. हिला काहीच कसं वाटत नाही, असं वाटलं होतं.

शनिवारी बाबा आणि दादा देऊळगाव राजाला गेले. रात्री जातं फिरलं नाही. रविवारी मी उठले तर चूल थंड. माय न्हाऊन, मागच्या रविवारी बदललं होतं तेच लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. शेजारच्या कौतिकमावशी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात एक मोठं लोखंडी कुलूप. आमच्या घराला तोपर्यंत कुलूप कधी लागलं नव्हतं, ते मावशींच्या कडब्याच्या खोलीचं होतं.

"ऊठ," माय मला म्हणाली. "वेणी घाल. मेहकराले जाऊन राह्यलो आपुन."

"आन पाहुने?"

"त्याहिच्यासाठी देऊळ हाये ना दारात."

आम्ही तिघी फाट्यापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, दवानं जड झालेली. एरवी मायनं चालता चालता एखादं कणीस तरी चाचपलं असतं. त्या दिवशी तिनं शेताकडे पाहिलंच नाही. एसटीत ती खिडकीपाशी बसली. वारा बोचत होता, कंडक्टरनंही सांगितलं, पण तिनं काच लावू दिली नाही. मी सारखी मागे वळून बघत होते. आता जीप आली असेल, आता बाबा दार बघत असतील, आता दादाचं काय होईल. कौतिकमावशी तंबाखू मळत म्हणाल्या, "काऊन भेतं वो पोरी? घर काही पळून नाही जात." आणि माय हसली. मी तिला असं हसताना फार पाहिलं नव्हतं.

मेहकरचा बालाजी काळ्या दगडाचा आहे, माणसाहून कितीतरी उंच. देवळात शिरल्यावर आधी अंधारल्यासारखं होतं आणि मग तो हळूहळू दिसायला लागतो. मी त्याचे दागिने बघत राहिले, दगडातच कोरलेले, इतके बारीक की हात लावून पाहावेसे वाटत होते. माय समोर बसली. बराच वेळ बसली. कोणी 'वाढा' म्हटलं नाही, कोणी 'पाणी आणा' म्हटलं नाही.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर टेकलो, तर नागपूरकडची की अकोल्याची एक मोटार येऊन उभी राहिली. त्यातली एक गॉगलवाली बाई सरळ मायसमोर आली. "ए बाई, इथं प्यायचं पाणी कुठं आहे? जरा आणून देते का?"

मी मायकडे पाहिलं. मला खात्री होती, ती उठणार. तिचं अंग उठायला निघालंही होतं, हात गुडघ्यावर टेकला होता. मग तो हात तिनं परत मांडीवर ठेवला.

"मले काय मालूम बाई," ती म्हणाली. "मी बी पाहालेच आली."

ती बाई गोंधळून दुसरीकडे गेली. कौतिकमावशींनी तोंडाला पदर लावला. मला मात्र रडू आलं आणि का ते कळेना. आज कळतं. 'मी बी पाहालेच आली' हे वाक्य म्हणायला माझ्या मायला अर्धं आयुष्य लागलं, आणि तेही एका अनोळखी बाईला म्हणावं लागलं. आपल्या घरात ऐकणारं कोणी नव्हतं.

स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भजी खाल्ली आणि चहा घेतला. बायकांनी हॉटेलात बसायची तेव्हा रीत नव्हती, लोक पाहत होते. मायनं प्लेट पुढ्यात ओढली आणि एकेक भजं सावकाश, तेल बोटाला लागू देत खाल्लं. "मिठाची कमी हाये," ती म्हणाली, आणि सगळी खाल्ली.

दिवस मावळायला आम्ही परत आलो. बाबा ओट्यावर बसले होते. दादा भिंतीला टेकून उभा. कुलूप तसंच होतं. पाहुणे देवळाच्या पायऱ्यांवर उपाशी बसून राहिले होते, हे आम्हाला गल्लीतच कळलं होतं. कुणीतरी त्यांना गूळ-पाणी दिलं. मोठ्या साहेबांची मुलं भुकेनं रडायला लागली, आणि साहेब उठून जीपमध्ये जाऊन बसले.

"कुठी गेलती?" बाबांनी विचारलं. आवाज बारीक होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

"मेहकराले."

"काऊन?"

"देव पाहाले."

बाबा उठले. त्यांच्या हातात पितळेचा लोटा होता, तो त्यांनी दारावर फेकला. "माह्या पोराच्या नोकरीवर पानी सोडलं तुनं! चारचौघात मान खाली घातली! वसंता म्हने, यापुढं तुमचं-आमचं काही नाही."

दादा तिच्याकडे बघत नव्हता. "माय, आजचा एकच दिवस होता," तो म्हणाला. "एक दिवस थांबली असती."

मायनं कंबरेची चावी काढली आणि बाबांपुढे ओट्यावर ठेवली.

"हे घ्या. भुका लागल्या असन त चूल पेटवा."

आणि ती बाहेरच बसून राहिली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. कौतिकमावशींनी भाकरी आणून दिल्या. बाबांनी खाल्ल्या नाहीत, दादानं खाल्ल्या.

पुढच्या रविवारी जीप आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा सवयीनं देऊळगाव राजाला गेले आणि पायी-एसटीनं परत आले. दादाला नोकरी लागली नाही. तो शेतीच करत राहिला, पुढे विहीर झाली, संत्र्याची बाग झाली, घर चांगलं चाललं. पण आमच्या घराण्यात ही गोष्ट एकाच तऱ्हेनं सांगितली गेली. 'गजाननची सरकारी नोकरी मायच्या एका हट्टापायी गेली.' लग्नकार्यात सांगितली गेली, भांडणात काढली गेली, दादाच्या बायकोनं सासूला ऐकवली, नातवंडांनी पाठ केली. मी जिथं असेन तिथं भांडले. तीन हंगामांच्या भाकरींनी जी नोकरी लागली नाही, ती एका रविवारच्या कुलपानं कशी काय गेली? वसंतकाकांच्या मनात असतं तर पहिल्याच हंगामात लावली असती. त्यांना नोकरी द्यायची नव्हती, त्यांना रविवार हवे होते. हे कुणाला पटत नाही. मलाच म्हणतात, "आत्याचं डोकं गरम आहे."

आहे. गरमच राहू दे. घरातल्या एवढ्या माणसांपैकी एकानंही माझ्या मायला कधी विचारलं नाही की, बाई, तू त्या दिवशी मेहकरात काय पाहिलंस? नोकरी गेली हे सगळ्यांना माहीत. ती कुठंतरी गेली होती, तिनं काहीतरी पाहिलं होतं, हे कुणाच्या खिजगणतीत नाही. बाबा गेले ते न विचारता गेले.

म्हातारपणी ती काही महिने माझ्याकडे येऊन राहिली होती. असाच पौष होता. गच्चीवर ऊन खात बसलो होतो. तिची दृष्टी अधू झाली होती, तळवे मऊ पडले होते. मी विचारलं, "माय, बालाजीसमोर तू इतका वेळ बसली होती. काय मांगतलं देवाले? दादाची नोकरी?"

तिनं पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला.

"मांगतलं काही नाही वो," ती म्हणाली. "तो केवढा मोठा, अन् उभाच. जो येते तो पाह्यते, मांगते, चालला जाते. मले त्याचीच कीव आली. म्या म्हनलं, बापा, तुले कोनी बस म्हनलं का कधी? बस घडीभर. मी आहो इथी."